गवताच्या बंगल्यातली पंचफुला

पांदण संपून हरभऱ्याचा बांध लागला, तेव्हा वर्षाराणीच्या चपलेचा अंगठा निसटला. ती वाकून तो बसवायला लागली. पुढं गेलेली पंचफुला मागं न बघताच म्हणाली, "हातात घ्या की ताई. मी तर कवाच घेतली."

"काटे हायेत मावशी."

"काट्यायला काय कळतंय, कोण अंगणवाडीची ताई अन् कोण बंगला झाडणारी?"

दोघींना गावातून निघून तास झाला होता. एसटीनं जायचं तर आधी औशाला जावं लागतं आणि तिथून तेवढंच मागं फिरावं लागतं. म्हणून पंचफुला रोज ही आडवाट तुडवते. दोन वर्षं झाली, ती माळावरच्या एका सुट्टीच्या बंगल्यात कामाला आहे. लातूरचा एक व्यापारी बाली नावाच्या बेटावर फिरून आला आणि तिथल्यासारखा बंगला त्यानं इथं बांधला. गवताचं छप्पर, पुढं पोहायचा निळा हौद. शनिवार-रविवारी तो भाड्यानं देतात. गावातली माणसं त्याला नुसतं 'गवताचा बंगला' म्हणतात.

आज रविवार होता. बारानंतर पाहुणे यायचे होते. ते यायच्या आत पंचफुलानं एक काम केलं नाही तर उद्यापासून येऊच नये, असा मॅनेजरचा काल फोन आला होता. काम फार मोठं नव्हतं. हौदाच्या काठावर एक मूर्ती आहे. पंधरा दिवसांपूर्वी पंचफुलानं तिचं तोंड शेताकडं फिरवलं होतं. ते परत पाण्याकडं करायचं.

हे ऐकून काल अंगणवाडीत वर्षाराणीला हसूच आलं होतं. पंचफुला हसली नव्हती. "उद्या सुट्टी हाय ना तुमाला? चला माझ्यासंगं," असं म्हणून ती गेली होती. मॅनेजरशी चार शब्द बोलायला नेत असेल, असं वर्षाराणीनं धरलं. रात्री देवाला दिवा लावताना तिनं मनातल्या मनात ते चार शब्द जुळवूनही ठेवले होते.

"पण मावशी, फिरवली कशाला? ते तरी सांगा."

पंचफुलानं डोक्यावरचा पदर सारखा केला. रानात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपी अजून उभ्या होत्या. अमावस्या होऊन आठवडा झाला तरी कुणी मोडल्या नव्हत्या.

"आमचे व्यंकटराव प्यायचे, म्हाईत हाय ना तुमाला?"

"ऐकून आहे."

"मी जळकोटकडून लगीन होऊन आले तवा सासूबाईनं मला एकच गोष्ट शिकवली. हे पिऊन आले की भांडायचं न्हाई, रडायचं न्हाई. भिंतीवरली भगवान बुद्धाची तसबीर काढायची अन् उलटी लावायची. तोंड भिंतीकडं. सकाळी हे उठायचे, तसबिरीची पाठ बघायचे, अन् भाकरी न खाताच गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचे. एक शब्द बोलायचे न्हाईत."

"आणि सुटली?"

"एका दिसात सुटती व्हय? सात वर्सं लागली. त्या सात वर्सांत आमच्या घरात आमच्यापेक्षा तसबीरच जास्त फिरली." ती स्वतःच हसली. मग म्हणाली, "पण सुटली. मरेस्तोवर परत हात लावला न्हाई."

म्हणजे बंगल्यावर काय झालं असेल, ते वर्षाराणीला आता कळलं. पाहुणे हौदाच्या काठावर बाटल्या घेऊन बसले असतील. पंचफुलानं घरची रीत तिथं चालवली होती.

"लाज वाटली का कुणाला?"

"कशाची लाज! सकाळी एक जण म्हणाला, ओ मावशी, तुमचा पुतळा उलटा बसलाय."

बंगला जवळ आला तसं छप्पर दिसायला लागलं. वर्षाराणीनं मनात धरलं होतं त्यापेक्षा ते उंच होतं, पण आकार पाहिला तर थेट येळवशीची कोपच. पंचफुलानं तिला मागल्या बाजूनं आत नेलं आणि वाटेत न्हाणी दाखवली. चारही भिंतींना दगड, कोपऱ्यात केळी, आणि वर छप्परच नाही. नुसतं आभाळ.

"आमी जलमभर उघड्यावर न्हालो," पंचफुला म्हणाली. "शेवटी सरकारनं पत्र्याचं बाथरूम दिलं. अन् ही माणसं पैसे देऊन उघड्यावर न्हायला येत्यात. मला तर काय कळंना झालंय ताई. पहिल्या दिवशी मी रविकांतला इचारलं, स्लॅब कवा पडायचाय?"

रविकांत म्हणजे मॅनेजर. औशाचाच, तिशीतला. तो हौदात जाळी फिरवून पानं काढत होता.

"आल्या का मावशी? अन् ह्या कोण, वकील?"

"अंगणवाडीच्या ताई हायेत."

"बरं झालं. ताई, तुमीच समजावून सांगा ह्यांना. माझं काय वैर हाय का? पाहुण्यांनी शंभर फोटो काढले, सगळ्या फोटोत मूर्तीची पाठ. मालकानं मला झापलं."

वर्षाराणीनं जुळवून ठेवलेले शब्द काढायच्या आत पंचफुलाच बोलली. "रविकांत, एकदा नीट सांग. तो देव हाय का शोभा हाय?"

"शोभा हाय मावशी. हैदराबादहून खोक्यात आली."

"मग रोज सकाळी तिच्यापुढं फुलं का ठेवायला लावतूस? दारादारात, पानाच्या द्रोणात?"

"ती बी शोभाच."

"मोबाइलमधलं ते दाखव ताईला."

रविकांतनं कंटाळून मोबाइल काढला. बालीतली एक बाई उंबऱ्यापुढं फुलांचा द्रोण ठेवत होती. उदबत्ती लावून, डोळे मिटून, हात हलवत काहीतरी पुटपुटत होती. मालकानं हेच बघून पंचफुलाला ते काम लावलं होतं.

"ही बाई बी शोभेची हाय का?" पंचफुलानं विचारलं.

रविकांतनं मोबाइल खिशात टाकला. "मी बी.कॉम. झालेला माणूस हाय मावशी. मला ह्यातलं काय इचारता? बारापर्यंत तेवढं करा. मला गॅसची टाकी आणायला जायचंय." आणि तो मोटारसायकल काढून गेलाच.

वर्षाराणी मूर्तीपाशी गेली. राखी रंग, मांडी घातलेली, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटीचं कापड. डोळे मिटलेले. लांब कान बघितले तर बुद्ध वाटावा, पण केसांचा उंच बुचडा आणि गळ्यातला दागिना बघितला तर एखादी देवी. कोण आहे हे ठरवायच्या आधीच तिचे हात जुळले. मग तिला वाटलं, आपण हात नेमके कुणाला जोडले?

"मला बी तसंच होतंय," पंचफुला मागून म्हणाली. "लई डाव मनात धरलं, शोभा हाय, शोभा हाय. फुलं ठेवली की हात आपोआप वर. पहिल्यांदा आले तवा वाटलं, मालक आपल्यासारखाच दिसतोय, रोज वंदना करणारा. लई आनंद झाला बघा. मग पाहुण्यांनी मूर्तीच्या डोक्यावर ओला टावेल वाळू घातला. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले न्हाई."

"पण एवढी जड मूर्ती फिरवली कशी?"

"दगडाची समजून कंबर बांधून जोर लावला, तर फुलासारखी हातात आली. पडता पडता वाचले हौदात. आत काहीच न्हाई, पोकळ हाय. तवापासून तर अजूनच डोकं चालंना. पोकळ हाय म्हणून सोडून द्यावं, तर आमच्या घरातली तसबीर तरी काय होती? कागदच."

लहानपणापासून वर्षाराणी मारुतीच्या शेंदराला नमस्कार करत आली होती, शेंदराखाली काय आहे ते तिनं कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "काम सोडून द्या मावशी. मनाला एवढं लागत असेल तर."

"अन् माझी पोरगी धम्मप्रिया? नांदेडला नर्सिंगचं शेवटचं वर्स हाय तिचं. ह्या गुडघ्यांनी मला सोयाबीन काढायला कोण सांगणार? इथं सावलीला उभं राहून काम हाय. सोडून न्हाई चालत."

"मग अर्धी फिरवू. आडवी, म्हणजे इकडं ना तिकडं."

"ते बी केलतं. रविकांत म्हणाला, मावशी, रुसल्यावाणी दिसायली."

दोघी हसल्या. हसणं लवकरच थांबलं. घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. लांब रस्त्यावर एक पांढरी गाडी वळताना दिसली, ती पुढं निघून गेली.

पंचफुलानं नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि ते पदरातच धरून ठेवले. मूर्तीकडं न बघता ती म्हणाली, "ताई, तुमाला मॅनेजरसंगं बोलायला न्हाई आणलं मी. पाहुणे आले तर आले, काम करीन. भांडी बी उचलीन त्यांची. पण ज्या हातानं तोंड फिरवलं, त्या हातानं परत तिकडं करणं मला जमायचं न्हाई. काल रातच्याला लई इचार केला. तुमाला तर तो बुद्ध हाय का देवी हाय, हे बी ठावं न्हाई. तुमाला दोष लागायचा न्हाई. तुमी फिरवा."