सारसाचा तिसरा पाय

त्या वर्षी माझी झोप एकाच काळजीनं उडवली होती. आमची पिहू घराबाहेर बोलत नव्हती. तिला चौथं लागलं होतं. घरात तोंडाचा पट्टा चालू, आणि उंबरा ओलांडला की कुलूप! फारच अडलं तर माझी ओढणी ओढून मला वाकवायची आणि कानात सांगायची. जगाशी तिचा सगळा कारभार माझ्या उजव्या कानातून चालायचा. अंगणवाडीच्या ताई एकदा म्हणाल्या, "आईवर गेली असेल." त्या सहज म्हणाल्या. मी आठवडाभर कूस बदलत राहिले.

आणि नेमकी त्याच वर्षी मी 'चौक सुशोभीकरण समिती'त होते. आमचे पाथरवट उईके दादा म्हणायचे, दगडातून मूर्ती निघते एक आणि कपच्या निघतात गाडीभर. आमच्या समितीतून मूर्ती निघाल्या दोन. कपच्या मी अजून वेचते आहे! मैत्रिणी भेटल्या की "ते मोटरवालं सांग ना" म्हणून मागे लागतात. तर एकदा सगळंच सांगून टाकते.

* * *

समितीत मी आले कशी? अख्खं गाव ज्यांना 'भाऊ' म्हणतं ते आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि तेच ह्या समितीचेही अध्यक्ष. मी त्यांच्या शाळेत चित्रकला शिकवायची. कायम नव्हते. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, तोपर्यंत श्वास रोखून बसायचं. एका शनिवारी शाळा सुटताना भाऊ म्हणाले, "मॅडम, तुमचं ड्रॉइंग आहे ना? चौकात दगडाचं काही बसवाचं आहे. या मीटिंगले."

"पण भाऊ, मला दगडातलं काही कळत..."

"आमाले तरी कुठं कळते? म्हणून तं समिती केली!"

समितीत आम्ही पाच जण. भाऊ, राईस मिलवाले सेठजी, रिटायर झालेले पटले गुरुजी, बांधकामाचे इंजिनिअर साहेब आणि इतिवृत्त लिहायला मी. सहावी पिहू, माझ्या मांडीवर. तिचे पप्पा एसटीत कंडक्टर, शनिवारी त्यांची लांबची ड्यूटी. पोरगी ठेवणार कुठं?

पहिल्या मीटिंगला सेठजींना दगडाचं पोतं पाहिजे होतं, तांदळाचं. गुरुजींना हातात पुस्तक घेतलेला विद्यार्थी. इंजिनिअर साहेबांनी नेटवरून दोन सिंहांची प्रिंट काढून आणली होती. भाताच्या मुलखात सिंह! "फॉरेन लुक येते," म्हणाले. भाऊंना काहीही चालत होतं, फक्त फोटोत त्यांच्या मागे मावलं पाहिजे.

पिहूनं मला वाकवलं आणि कानात विचारलं, "आई, हे सगळे एकदमच काऊन बोलून राहिले? ऐकणारा कोणता आहे?"

"काय म्हणते पोरगी?" भाऊंनी विचारलं.

"नमस्कार म्हणते," मी म्हणाले.

"मग मोठ्यानं म्हणावं ना बेटा! लाजते काऊन?"

* * *

शेवटी ठरलं की दोन शिल्पं करायची. एक रोवणा करणारी बाई, म्हणजे चिखलात वाकून धानाची रोपं लावणारी, आणि दुसरी सारस पक्ष्यांची जोडी. आमच्याकडे दोन्ही दिसतात. सारस कमी होत चालले, रोवणा करणाऱ्या बायका भरपूर.

उईके दादा पिशवीतून दगडाचे नमुने घेऊन आले. साठीचे, हडकुळे, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी चार कपच्या टेबलावर मांडल्या. इंजिनिअर साहेबांनी टिचकी मारून पाहिली. गुरुजींनी चष्मा पुसला. सेठजींनी मात्र एक कपची उचलली, तळहातावर चोळली, उजेडात धरली आणि जन्मभराच्या सवयीनं, खरंच सांगते, दाताखाली धरून चावली!

"नमी कितनी है इसमें?"

उईके दादा शांतपणे म्हणाले, "सेठजी, हा शिजवाचा नाही."

मी इतिवृत्तात लिहिलं, 'दगडाच्या आर्द्रतेबाबत सविस्तर चर्चा झाली.' लाज वाटते, पण अक्षर फार सुंदर आलं होतं.

* * *

आता मोटरवालं.

उईके दादांनी रोवणा करणाऱ्या बाईचं चित्र आणलं. कमरेत वाकलेली, एक हात चिखलात, एका हातात रोपांची जुडी. मला ते इतकं आवडलं की मी काहीच बोलले नाही. आवडलेल्या गोष्टीबद्दल मी कधीच बोलत नाही, न आवडलेल्याबद्दल तर नाहीच.

भाऊंनी कागद इकडून तिकडून फिरवला. "बाईचं तोंड खाली आहे. मग मागची बाजू कोणाकडे येईल?"

सगळे मनात मोजायला लागले. चौकाला रस्ते चार!

"शाळेकडे नको," भाऊ म्हणाले, "लेकरं जातात."

"मेरी मिल की तरफ तो बिलकुल नहीं," सेठजी म्हणाले. "सुबह-सुबह शटर खोलूँ और दर्शन ये?"

गुरुजी उठून उभे राहिले. "आणि माझ्या दारात? ह्या वयात?"

उरला बस स्टँडचा रस्ता. भाऊंनी मान हलवली. "पाहुणा गाडीतून उतरला का गावाचं पहिलं तेच पाहील."

तेव्हा इंजिनिअर साहेबांना सुचलं. "सर, फिरती बसवू. खाली मोटर लावू. म्हणजे सगळ्यांकडे थोडं थोडं."

"म्हणजे दर मिनिटाला एकदा माझ्याकडे!" गुरुजी ओरडले.

तासभर हे चाललं. ज्या बाईच्या पाठीवर अख्खा जिल्हा जेवतो, तिची पाठ कोणालाच नको होती. खोलीत बाई मी एकटी. मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटी ठराव झाला, 'रोवणा करणारी महिला सरळ उभी दाखवावी.'

त्या दिवशी माझी आई दवनीवाड्याहून आली होती. चाळीस वर्षं तिनं रोवणा केला आहे, भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही. तिला ठराव वाचून दाखवला. तिनं सुपारी फोडता फोडता ऐकला.

"उभ्यानं रोवणा होत असता बाई," ती म्हणाली, "तं माही कंबर काऊन गेली असती?"

* * *

मधल्या काळात मी पिहूला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रेमानं नाव विचारलं. पिहूनं मला वाकवलं.

"काय म्हणाली?"

"नाव सांगितलं तिनं," मी म्हणाले. खरं म्हणजे ती म्हणाली होती, 'ह्याच्या नाकात किती केस आहेत!'

डॉक्टरांनी कान, घसा, जीभ, सगळं तपासलं. "पोरीत तर काही दोष नाही. घरी बोलते म्हणता, मग बाहेर काय होते?"

"तेच तर कळत नाही, डॉक्टर."

त्यांनी टॉनिक लिहून दिलं. पिहूला एक, आणि का कोण जाणे, मलाही एक.

* * *

सारसांचा किस्सा पायांवरून झाला.

उईके दादांनी मातीचा लहान नमुना केला होता. दोन सारस, माना वळवून चोची छातीला टेकवलेल्या, पोटापर्यंत उभ्या धानात. पाय दिसतच नव्हते.

"सारसाले पाय नाहीत!" भाऊ म्हणाले.

"दगडाले काडीवानी पाय पेलत नाहीत, भाऊ. नेतानाच मोडन. म्हणून धानात उभे केले. पाय आत आहेत, असं समजाचं."

"समजायचं?" गुरुजी भडकले. "मी छत्तीस वर्षं पोरांना सारसाचे पाय लांब असतात हे शिकवलं. आता समजायचं? आमच्या शेतातल्या सारसाला पेलतात, तुमच्याच दगडाला का पेलत नाहीत?"

"असं वाटते का बसला आहे," भाऊ म्हणाले. "जिल्ह्याचा पक्षी आळशी दाखवता का?"

इंजिनिअर साहेब गंभीरपणे म्हणाले, "आणि सर, धान कापणीला आल्यावर काय?"

"हां! हा पॉइंट आहे!" भाऊंनी टेबलावर थाप मारली.

उईके दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी शिकल्या आहा. तुमी सांगा ना ह्यायले."

मला सगळं कळत होतं. दगडाचं वजन कळत होतं, दादांची युक्ती कळत होती. जूनची ऑर्डरही कळत होती. मी म्हणाले, "दोन्ही बाजूंचं आपापल्या जागी बरोबर आहे."

उईके दादांनी नजर काढून घेतली. इतक्यात पिहूनं ओढणी ओढली. "आई, पाय धानात आहेत ना? मले समजलं."

"काय म्हणते?" भाऊ.

"पाणी मागते."

भाऊंनी लगेच पाणी मागवलं. आणि माझी गुणी पोर, तहान नसताना, अख्खा ग्लास पिऊन गेली. माझ्याकडे बघत बघत.

* * *

घरी मात्र मी वाघीण! भाजी परतता परतता कलथ्याचा माईक करायची आणि भाऊंच्या आवाजात सुरू. "हां! हा पॉइंट आहे!" मग सेठजींचं चावणं, गुरुजींची छत्तीस वर्षं. मग माझं स्वतःचं भाषण. "अरे, ज्यांना बाईची पाठ बघवत नाही आणि धानातले पाय दिसत नाहीत, त्यांनी चौकात आपलेच पुतळे बसवावे! दगड शोधायला नको, डोक्यात आयताच आहे!" पिहू ओट्यावर बसून टाळ्या वाजवायची. "आणखी, आई, आणखी!"

तिचे पप्पा एकदा जेवता जेवता म्हणाले, "हे तिथं काऊन नाही म्हणत?"

"जून येऊ दे," मी म्हणाले आणि पोळी वाढली.

जून आला, ऑर्डर निघाली, आणि पुढच्या जूनची वाट सुरू झाली.

* * *

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी पिहूला घेऊन चौकात गेले. रोवणावाली बाई ताठ उभी होती, हातात रोपांची जुडी, जशी काही बस थांबवते आहे. सारस तेवढे उईके दादांच्या मनासारखे झाले होते, दगडाला पाय काढायला दादा तयारच झाले नाहीत. इतके सुंदर की वाटावं, आत्ता धान हलेल.

आणि त्या दगडी धानावर, समोरच्या बाजूनं, एक पेंटर लाल ऑइल पेंटनं पाय काढत होता!

"कोणी सांगितलं?"

"भाऊनं. पाय दिसले पायजे म्हणे."

मी मोजले. तीन. दोन पक्षी, पाय तीन. "हा मधला कोणाचा?"

पेंटरनं मागे सरून पाहिलं. "गुरुजी म्हणे सारस एका पायावर उभा राहते. भाऊ म्हणे दोन पायजे. म्हणून मधला कॉमन आहे."

उईके दादा कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. ते दुपट्ट्यानं एका सारसाची मान पुसत राहिले. तेव्हा पिहू माझा हात सोडून त्यांच्याकडे गेली, त्यांचा दुपट्टा ओढून तिनं त्यांना वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. परक्या माणसाच्या कानात, पहिल्यांदा! म्हातारा खुदकन हसला.

मी धावतच पुढे गेले. "काय म्हणाली, दादा?"

"तुमाले कायले सांगू? तुमी बदलवून सांगता."

* * *

उद्घाटन. मंडप, हार, चार दिशांना चार भोंगे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग पाहुण्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "वा! पण हे पाय तीन का?"

भाऊंनी क्षणभरही वेळ न घालवता माईक माझ्या हातात दिला. "आमच्या मॅडम सांगतील. कलेतल्या जाणकार. सगळं यायच्याच मार्गदर्शनात झालं!"

चौक भरला होता. सेठजी, गुरुजी, इंजिनिअर साहेब, सगळे माझ्याकडे बघत होते. मागे एका उरलेल्या दगडावर उईके दादा बसले होते. मी माईकमध्ये म्हणाले, "कलेमध्ये... पाहणाऱ्याचा दृष्टिकोन महत्त्वाचा असतो." भोंग्यांतून माझाच आवाज चारही रस्त्यांनी गेला आणि परत आला.

ओढणी ओढली गेली.

"पोरगी काय म्हणते?" भाऊ हसले. "आज माईकवर म्हणू द्या तिले! सांग बेटा, कसं झालं आपलं काम?"

मी खाली बसले. पिहूनं सवयीनं तोंड माझ्या कानाजवळ आणलं. 'नमस्कार म्हणते' जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं, कान बाजूला घेतला आणि माईक तिच्यासमोर धरला.

"तूच सांग, पिहू."

तिनं दोन्ही हातांनी माईक पकडला. तिचा श्वास भोंग्यांतून ऐकू यायला लागला. तिनं भाऊंकडे पाहिलं, सारसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि घराबाहेर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, माझी पोरगी पहिल्यांदा बोलली.

"आई, तू घरी म्हणते ते सांगू, का इथं म्हणते ते?"