भोंग्याची गोळी

कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात आणि खोकत बाकावर बसतात. पिंपरीतल्या त्या दवाखान्याचे किस्से मी घरी सांगायचे तेव्हा सगळे हसायचे, मीही हसायचे. आता सांगताना मध्येच कुठेतरी तोंड कडू होतं, तेवढं सांभाळून घ्या.

*

आमच्या कंपनीचा नियम साधा. औषध फक्त कामगाराला. त्याची आई घरी धापा टाकत असली, तर तो कंपनीचा प्रश्न नाही!

मग काय, भरतीच्या वेळी छाती फुगवून दाखवलेली पोरं एकेक करून म्हातारी व्हायला लागली. पंचविशीतल्या एकाचे गुडघे आखडले, दुसऱ्याला मोतीबिंदूची शंका यायला लागली. ज्ञानोबा तर चिंचवडच्या तालमीतला पैलवान. तो छातीला हात लावून म्हणाला, "जरा चाललं की दम लागतोय, पाय सुजत्यात, उताणं झोपवत न्हाई."

डॉक्टरांनी त्याच्या दंडांकडे बघितलं. "आईचं वय काय?"

"साठीच्या म्होरं असंल," ज्ञानोबा म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

डॉक्टर स्वतः जाऊन म्हातारीला तपासून आले आणि काळजाच्या गोळ्या ज्ञानोबाच्या नावावर द्यायला लागले. वर कोणाला कळलं नाही, हे आमचं नशीब.

*

पिंपळे गुरवचे एक आबा होते. त्यांच्याही मुलाला असाच 'दमा' झाला होता! बाटलीवर खुणांची पट्टी चिकटवून, रोज किती प्यायचं ते समजावून मी मिक्श्चर दिलं. दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी.

"रोज रोज कडू तोंड कशाला? एकदाच हून जाऊ द्या म्हनलं!"

आबा वाचले. कसे, ते डॉक्टरांनाही कळलं नाही.

*

ज्ञानोबाच्या आईच्या, सोनाक्काच्या, गोळ्यांचं मात्र असं चालणार नव्हतं. रोज सकाळी एकच. घेतली नाही तर अंगावर सूज आणि धाप, जास्त झाली तर काळीजच बंद पडायचं. मी चिंचवडातच राहायचे, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

लवकरच कळलं, की म्हातारी गोळी फक्त ज्ञानोबाच्या हातून घेते. "सुनंच्या हाताला गुण न्हाई," हे सुनेच्या तोंडावर! आणि ज्ञानोबाची शिफ्ट सारखी बदलणारी. सकाळची गोळी कधी दुपारी, तर कधी दिवेलागणीला. एकदा रात्रपाळी करून आल्यावर त्याने गोळी दिली, झोपून उठला आणि पुन्हा दिली. म्हातारीने दोन्ही घेतल्या आणि दिवसभर ओकत बसली.

"आक्का, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"व्हय. पन ल्योक देतोय, त्येला न्हाई कसं म्हनू?"

*

मग डॉक्टरांनी शक्कल काढली. घरात घड्याळ नव्हतं, पण कंपनीचा भोंगा गावठाणात स्वच्छ ऐकू यायचा. "आक्का, भोंगा झाला की आपल्या हाताने गोळी!" डॉक्टर स्वतःवर भलतेच खूश झाले.

मी पुन्हा गेले, तर म्हातारी पुन्हा ओकतेय. भोंगा व्हायचा प्रत्येक पाळीला, आणि कोणत्या भोंग्याला गोळी घ्यायची ते डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं!

"सकाळचा, आक्का. फक्त सकाळचा भोंगा."

"आन कंपनीला सुट्टी आसली की?"

"तेव्हाही घ्यायची. काळजाला सुट्टी नसते."

"म्हंजी बिनसुट्टीचा कामगार म्हना की!" असं म्हणून सोनाक्का खदखदून हसली. त्यानंतर तिने गोळी कधी चुकवली नाही. सूज उतरली, म्हातारी पुन्हा जात्यावर बसायला लागली. मला फार बरं वाटलं होतं.

*

डॉक्टरांना वाटलं, लपूनछपून किती दिवस चालवायचं? ते सरळ लेबर ऑफिसरकडे गेले. कामगारांच्या आईवडिलांनाही औषध द्या म्हणाले.

साहेब हसले. "डॉक्टर, हे लोक उद्या म्हशीलाही औषध मागतील!"

साहेबांच्या मातोश्रींचं टॉनिक आमच्याच दवाखान्यातून जायचं. शिपाई दर महिन्याला बाटली घेऊन जायचा.

म्हशीचं ते वाक्य कारखानाभर झालं आणि संप पेटला. आईबापांना औषध, ही मागणी सगळ्यात वर. गेटसमोरच्या सभेत ज्ञानोबा गरजला, "निकाल लागंस्तवर कंपनीच्या कशालाबी हात लावायचा न्हाई!" सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारी त्याची म्हातारी पुढच्याच रांगेत बसली होती.

*

भोंगा बंद पडला, तशी मला आधी सोनाक्का आठवली. धावत गेले. "आक्का, भोंगा नसला तरी गोळी विसरायची नाही हं."

"न्हाई इसरत," ती म्हणाली.

दवाखान्यालाही कुलूप लागलं होतं. डॉक्टर पुण्याला गेले, मी साताऱ्याला भावाकडे. ज्ञानोबा गेटवरच मुक्कामाला.

संप कामगारांनी जिंकला. मी परत आले त्या सकाळी भोंगा झाला आणि गावठाणात लोक नाचले. दवाखाना उघडल्या उघडल्या ज्ञानोबा पहिला हजर. आईच्या नावाची गोळ्यांची पहिली बाटली त्याने खिशात घातली, पेढे घेतले आणि मलाही ओढत घरी नेलं.

सोनाक्का भिंतीला टेकून बसली होती. पाय टम्म सुजलेले, श्वास पुरत नव्हता. जुनी बाटली कोनाड्यात होती, मी जाताना होती तेवढीच भरलेली.

मला रडूच आलं. "आक्का, भोंगा नव्हता म्हणून विसरलात ना?"

तिने नाही अशी मान हलवली. माझ्याकडे बघितलंच नाही, ज्ञानोबाकडे बघत एकेक शब्द ओढून बोलली.

"इसरंन कशी? कंपनीची हाय ती. तूच म्हनलास न्हवं, हात लावायचा न्हाई."

मग तिने त्याच्यापुढे हात पसरला.

"आता घिऊ का?"