नानांच्या करवतीची नागपंचमी

पहिल्याच भेटीत नानांनी माझी पँट सुतळीने बांधली. मी आटपाडीचा, नुकताच डिप्लोमा पास झालेला, सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून रुजू झालो होतो. सत्तरच्या दशकातली फॅशन अशी, की पँटच्या एकेका पायात माणसाबरोबर एखादी कोंबडीही सहज मावावी. तसली बेलबॉटम, रुंद बाह्यांचा शर्ट आणि कानांवर आलेले केस अशा थाटात मी लोखंड कापायच्या बँडसॉजवळ जाऊन उभा राहिलो. मशीनवरच्या पन्नाशीच्या गृहस्थाने आधी मशीन बंद केलं. मग खाली बसून माझे दोन्ही पाय घोट्याशी सुतळीने आवळले. बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. केसांकडे बघून एक सुस्कारा सोडला आणि स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर दाबून बसवली.

"आता बोला सायेब. काय काम काढलं?"

दिवसभर मी तसाच हिंडलो. सुतळी सोडायची माझी छाती झाली नाही.

हे नाना. शिराळ्याचे, लष्करातून निवृत्त झालेले. बँडसॉ म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून गरगर फिरणारं दातेरी पोलादी पातं. मनगटाएवढा शाफ्ट ते मुळ्यासारखं कापायचं, आणि नाना त्याच्याशी सासूशी वागावं तसं वागायचे, अदबीने आणि हातभर लांबून. अंगठी, घड्याळ, मफलर घालून कुणाला मशीनजवळ येऊ देत नसत. एकदा मालकांचे मेहुणे मशीन बघायला आले, तेव्हा नानांनी त्यांच्या चार अंगठ्या, घड्याळ आणि उपरणं एका ताटलीत काढून घेतलं. मेहुण्यांना वाटलं, आपल्याला लुटतायत.

मला शिकवताना त्यांचं "अहो सायेब" दोन दिवसांत संपलं आणि मी "डिप्लोमा" झालो. एकदा पात्याजवळ साठलेला लोखंडाचा कीस मी हाताने सारायला गेलो. नाना कडाडले, "डिप्लोमा! हात जेवाय दिलाय, झाडाय न्हाई. मशीन बंद कर आन् बरश घे!" दुसऱ्या दिवशी मी कीस तोंडाने फुंकला. "फुंकर चहावर मारायची रं. हितं मारलीस की डोळ्यात जातंय." मग मी हुशारीने हातमोजे घालून आलो, तर तेही काढायला लावले. "पातं फिरतंय तवर हातमोजं न्हाईत. धरलं तर हातासकट वडतंय. पातं बदलताना घाल, तवा ते चावतंय." एवढ्यावर मी महिनाभर नुसता बघत उभा होतो. मशीन चालवायला काही मिळेना.

आणि मग नागपंचमी आली. शिराळ्याची नागपंचमी नाना कधी चुकवत नसत. त्यांची रजा मंजूर झाली होती. साखर कारखान्याचे शाफ्ट घाईने कापून हवे होते, म्हणून मालक मला म्हणाले, "उद्या तुम्ही चालवा मशीन." रात्रभर मला आनंदाने झोप लागली नाही. सकाळी कडक इस्त्री करून, स्वतःच स्वतःला सुतळी बांधून मी वर्कशॉपमध्ये पोहोचलो, तर मशीनसमोर स्टुलावर नाना! मेन स्विच बंद, फ्यूज त्यांच्या खिशात, पुढ्यात बादली आणि ब्रश.

"आज कापायचं न्हाई," नाना म्हणाले. "आमच्या शिराळ्यात आज इळीसुदिक कुणी हातात घेत न्हाई. आज मशीन धुवायचं."

मला इतका राग आला, की विचारू नका. स्वतःच्या गावची जत्रा टाकून हा माणूस माझी संधी हुकवायला आला होता! मालकही भडकले. "नाना, फ्यूज द्या. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"बरं. उद्यापास्नं न्हाई येत. पर आज न्हाई कापायचं."

मालकांनी टर्नर इस्माईलला बोलावलं. "तू तरी चालव रे. तुझा काय संबंध नागपंचमीशी?"

इस्माईल दोन पावलं मागे सरकला. "मालक, नाग काय नाव इचारून चावतोय व्हय?"

शेवटी मालकांनी तावातावाने घरी फोन लावला. बहुधा बायकोने तरी आपली बाजू घ्यावी म्हणून. पलीकडून बाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "इथं सकाळपासून भाजी चिरलेली नाही, आणि तुम्ही लोखंड कापायला निघालात?" मालकांनी फोन ठेवला, घाम पुसला आणि म्हणाले, "धुवा."

आम्ही मशीन धुतलं. कीस ब्रशने काढला, पातं गार ठेवायला त्यावर पडणारं आंबलेलं दुधट पाणी बदललं. चाकांवरचं झाकण उघडून नानांनी हातमोजे घातले, पातं हळूहळू सरकवलं आणि एका जागी थांबले. पात्याची दोन टोकं जिथे जोडलेली असतात, तिथे ते निम्म्याहून जास्त चिरलं होतं. चालू केलं असतं, तर तुटून सुटलंच असतं. मालकांनी तिथल्या तिथे मशीनला हात जोडले. नानांना कामावरून काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. मी तर इतका भाविक झालो, की पुढची कित्येक वर्षं वारुळाला लाह्या वाहायला सर्वांत आधी मी जायचो.

नाना निवृत्त होऊन शिराळ्याला गेले. एका नागपंचमीला मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. नाना ओसरीवर बसून चाकूने मन लावून काकडी चिरत होते.

"नाना! आज नागपंचमी ना!"

"व्हय. लय गर्दी हाय गावात. काकडी खा."

आतून काकूंचा आवाज आला, "कवाधरनं सांगतीया, चाकू ठिवा म्हणून. जलमात कवा पाळलं न्हाई ह्यांनी!"

नानांनी माझ्या हातावर फोड ठेवली. "आदल्या दिवशी पातं टक्क टक्क वाजत हुतं. मालकाला तीन बार सांगितलं, पातं बघू द्या. त्ये म्हणलं, शाफ्ट हुंद्यात, मग बघू. मशीनचं कुणी ऐकंना, मग नागोबाला मधी घातलं." पुन्हा काकडी चिरायला घेत ते म्हणाले, "जत्रा काय, दरसाली येती. आन् मशीनवर तू हुतास रं."

मी ज्यांच्यावर दिवसभर फुगून बसलो होतो, त्यांनी माझ्यासाठी जत्रा सोडली होती आणि नोकरीही पणाला लावली होती.

आता नाना नाहीत. माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. कामाची कितीही घाई असली, तरी नागपंचमीला आमची करवत चालत नाही, धुतली जाते. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर मी हात जोडून सांगतो, "काय करणार, आम्ही शिराळ्याचे."

आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी, पातं टक्क टक्क वाजायला लागलं, की मी भर उन्हाळ्यातही नागपंचमी पाळतो.