बँकेच्या पायरीवर निसारसर

शिरपूर जैनला एका नातलगाकडे निघालो होतो. वाशीमच्या स्टँडवर गाडीत बसलो आणि निसारसरांच्या मुलीचा, नाझियाचा फोन आला. "काका, अब्बा गेले... सकाळी चहा पिऊन बसले होते, तसेच." कंडक्टर तिकिटासाठी माझ्यासमोर उभा होता. मी खाली उतरलो आणि रिक्षा न करता चालतच सरांच्या घरी गेलो. त्याला आता दीड महिना झाला. रडू तेव्हाही आलं नाही, अजूनही आलेलं नाही. जे येतं ते निराळंच काही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय या माणसाबद्दल लिहिणं मला लबाडी वाटते.

आमच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे आणि मी ग्रंथपाल होतो. सरांच्या वडिलांचा गाद्या भरायचा धंदा. कापूस पिंजता पिंजता त्यांनी या मुलाला एम.ए.पर्यंत शिकवलं. वर्गात सर प्रमाण मराठी बोलत, पण मुलांच्या डोळ्यांत झोप दिसली की वऱ्हाडीवर येत. ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या आणि म्हातारे पेन्शनर एटीएमपुढे उभे राहिले, तेव्हाचे वर्तमानपत्रातले फोटो त्यांनी कापून ठेवले होते. श्रीलंकेत पेट्रोलला रांगा लागल्या, ते फोटोही त्याच फाइलीत गेले. देश कर्ज कसं काढतो, ते फेडता आलं नाही की त्याचं चलन कसं घसरतं, परदेशी पैसा एका दिवसात कसा निघून जातो, हे सगळं ते त्या रांगांवरूनच शिकवायचे. एकदा एका मुलीने विचारलं, सरकार मोठ्या बँकांनाच का वाचवतं? सर म्हणाले, "मोठी बँक बुडाली तर बाजार बुडते. लहान बुडाली तर फकस्त माणसं बुडतात." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनीही आपापली पुंजी गावातल्याच एका सहकारी बँकेत ठेवली होती. अर्ध्या गावाचा पैसा तिथेच. एका रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो, तर बँकेचा वार्षिक अहवाल मांडीवर घेऊन ते बसले होते. एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "गजाननभाऊ, हे आकडे मले बरोबर वाटून नाही राह्यले. चार-पाच जणायलेच सारं कर्ज देलं हाय." मी विचारलं, "काढून घेऊ का पैसे?" त्यांनी अहवाल मिटला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी तसं म्हणत नाही..." मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी बँक उघडताच मी गेलो आणि सगळ्या ठेवी मोडल्या. खिडकीमागच्या पोराने जरा मोठ्यानेच विचारलं, "सगळ्याच मोडता काय साहेब?" माझ्यामागे सात-आठ माणसं उभी होती. त्यांनी ते ऐकलं. मी मान खाली घालून पिशवी भरली.

गुरुवारी रांग पार चौकापर्यंत गेली होती. ती माझ्यामुळे लागली, असं मी म्हणत नाही; कुजबुज आधीपासून होतीच. पण माझ्यामुळे लागली नाही, असंही मला कधी म्हणता आलेलं नाही. दुपारी बँकेचे मॅनेजर सरांना घरून घेऊन आले. लोक तुमचं ऐकतात, दोन शब्द बोला, एवढंच मागणं. सरांनी त्यांना माझ्यादेखत विचारलं, "पैसे हायेत काय?" मॅनेजर म्हणाले, "सर, सगळ्यांनी एकाच दिवशी मागितले तर कोणत्याच बँकेत नसतात. एका मोठ्या बँकेत विलीन व्हायची बोलणी चालू आहेत. दोन महिने निघाले तर सगळे वाचतील. आज ही रांग मोडली नाही तर कोणीच वाचणार नाही." हे खोटं नव्हतं. बोलणी खरोखरच चालू होती, हे पुढे कळलं. आणि घबराटीनेच बँक मरते, हे तर सर जन्मभर शिकवत आले होते.

ते पायरीवर चढले. मी रस्ता ओलांडून चहाच्या टपरीशी जाऊन उभा राहिलो; बोलणं तिथवर ऐकू येत होतं. सर फार बोलले नाहीत. घाई करू नका, घाईनेच नुकसान होईल, थोडा धीर धरा, इतकंच. रांगेत सगळ्यात पुढे सुमनबाई होत्या. गावाला लागून त्यांचा भाजीचा मळा. मेथी-पालक विकून त्यांनी मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी जमवली होती. पैसे काढायची स्लिप हातात धरून त्यांनी विचारलं, "सर, तुमचे हायेत काय इथं पैसे?" सर म्हणाले, "हायेत बाई. मी नाही काढून राह्यलो." सुमनबाईंनी स्लिपची घडी घातली, ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि त्या घरी निघाल्या. त्यांच्यामागे बाकीचेही एकेक करून पांगले. मी चहाचा कप तसाच ठेवला. माझे पैसे घरातल्या लोखंडी कपाटात होते.

पुढच्या आठवड्यात बोलणी फिसकटली आणि बँकेवर वरून निर्बंध आले. खात्यातून किरकोळ रकमेपलीकडे काही काढता येईना. त्या संध्याकाळी सरांच्या घरी टीव्हीवर मुंबईच्या बाजाराचा निर्देशांक चढलेला दाखवत होते. आमच्या बँकेचं नाव तिथे यायचं कारणच नव्हतं. सरांनी टीव्ही बंद केला आणि वायर भिंतीतून उपसून ठेवली.

दोन दिवसांनी सुमनबाई आल्या. भांडायला नाही. ओसरीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमी खोटं नाही बोलले. तुमचेबी अडकले, मले मालूम हाय. पण माह्या पोरीचं साल तुमाले विचारून गेलं." सरांनी उसनवारी करून फी भरायची तयारी दाखवली. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. मुलगी पुढच्या वर्षी जाईल, असं ठरलं होतं. पण त्या वर्षात स्थळ आलं आणि लग्न होऊन ती गेली. ठेव विम्याच्या मर्यादेत होती म्हणून बाईंना नंतर सगळी परत मिळाली. तेव्हा त्या पैशाचा काय उपयोग होता...

सरांची रक्कम मर्यादेच्या वरची होती. तिचा मोठा हिस्सा शेवटपर्यंत आला नाही. त्याबद्दल मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. माझं मात्र मला सोसत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही इंझोरीला एका जुन्या सहकाऱ्याला भेटून मोटारसायकलने परतत होतो. तुरीच्या शेतापाशी पाय मोकळे करायला थांबलो आणि मी सांगून टाकलं, की रांग लागायच्या आधीच्या सोमवारी मी माझे सगळे पैसे काढले होते.

"मले मालूम होतं," सर म्हणाले. "खिडकीवरचा पोरगा माह्याच वर्गातला."

"मग इतकी वर्षं बोलले काहून नाही?"

त्यांनी तुरीची एक शेंग तोडली, सोलली, दाणे तळहातावर घेऊन बसले. "काय बोलू भाऊ? तुमाले इशारा मीच देला. दोस्ताले खरं सांगतलं अन् रांगेले हिंमत देली. रांगेले खरं सांगतलं असतं तर बँक त्याच दिवशी गेली असती, अन् तुमाले काही सांगतलं नसतं तर... मी रोज हिशेब करून पाह्यतो. जुळतच नाही." मग मोटारसायकलवर बसता बसता म्हणाले, "तुमी काढले हे बरंच झालं. पण त्या पायरीवर चढाच्या आधी तुमी मले हात धरून थांबवाले पाह्यजे होतं." मी किक मारली आणि गाडी वाशीमच्या रस्त्याला घातली.

बँक बंद पडल्यापासून लोकांचे अर्ज भरून देणं, आलेली पत्रं वाचून दाखवणं, हेच त्यांचं काम झालं होतं. समोरच्या खोलीत खिडकीशी टेबल, पलीकडे एक बाकडं. पत्र ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, वाईट ओळ असली तरी वगळत नसत, मग तिचा अर्थ वऱ्हाडीत सांगत. त्या खोलीत त्यांनी कोणालाही "काळजी करू नका" म्हटलेलं मी ऐकलं नाही. नाझियाने खोली अजून तशीच ठेवली आहे. मागच्या मंगळवारी मी तिथे बसलो असताना एक म्हातारे बाबा खेड्यावरून पत्र घेऊन आले. सर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकून त्यांनी दारातूनच ते पत्र माझ्याकडे धरलं. मी बाकड्यावर त्यांच्याशेजारी बसून वाचलं. उरलेली रक्कम मालमत्ता विकल्यावर, उपलब्धतेनुसार, हप्त्याहप्त्याने, असं त्यात लिहिलं होतं.

"म्हंजे भेटन ना?" त्यांनी विचारलं.

जे शब्द जिभेवर आले होते ते मी गिळले. म्हटलं, "कधी ते यात लिहिलेलं नाही बाबा. भेटतीलच, असंही नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच सांगतो. पुन्हा वाचू?"

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वाचा," ते म्हणाले, "हळू वाचा."