दोन बादल्या, सव्वादहा टक्के

लिफ्टमन आणि वहिनी यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यातले किती दिवस एका छपराखाली काढले, ते बोटांवर मोजता येईल. तो सात मजली ऑफिसात लिफ्ट चालवतो आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत राहतो; तिथे बाईमाणसाला बंदी. ती मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाक करते, कोठीशेजारी राहते. तिथे पुरुषाने फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. दर रविवारी दोघं दुपारभर बसस्टॉपच्या बाकावर बसत. एका कंडक्टरने एकदा विचारलं, "मामा, तुमची बस कुठली?" लिफ्टमन म्हणाला, "रस्ता अजून बांधतायत."

शेवटी एक लहानसं घर पाहिलं, अकरा वर्षांची शिल्लक बिल्डरला विसार म्हणून दिली आणि कर्जाचे कागद घेऊन दोघं माझ्याकडे आले. वस्तीतले कागद माझ्याकडेच येतात. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एकत्र राहणाऱ्या जोडप्याला साडेआठ टक्के, वेगळं राहणाऱ्याला सव्वादहा. बँकेच्या मते वेगळं राहणारं जोडपं आज ना उद्या मोडतं आणि हप्ता बुडतो. म्हणजे घर नाही म्हणून वेगळे, आणि वेगळे म्हणून घर महाग. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे दोन्ही दाबलेलं.

अक्कल मी चालवली. कायमचं भाडं परवडत नाही, तर दोनच महिने खोली भाड्याने घ्या, आपापलं सामान आणा, बँकेचा माणूस पाहणीला येईल तेव्हा दोघंही घरात असा. यात खोटं काय होतं? नवरा-बायकोच होते ते.

पाहणीवाला आला तेव्हा मी दारातच उभी होते. खोली लख्ख. पण ज्यांनी जन्म परक्याच्या जागेत काढला त्यांची एक खोड असते: वस्तूवर नाव घालायचं. हॉस्टेलात बिननावाचं ताट दुपारपर्यंत टिकत नाही. तिच्या बादलीवर तांबडं नाव, त्याच्या बादलीवर निळं. ताटं, तांबे, उशा, सगळ्यावर नावं. झाडूसुद्धा दोन. दोन पेट्या, दोन कुलपं. मी ते आदल्या दिवशी पाहिलं होतं आणि मला खटकलं नाही. गाढवपणा माझा.

पाहणीवाल्याने विचारलं, पेटीची किल्ली एकमेकांकडे असते का. वहिनीची मान ताठ झाली.

"आम्ही तसले नाही, साहेब. अकरा वर्षांत यांच्या वस्तूला माझं बोट लागलेलं नाही."

त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

सव्वादहा लागले. मी बँकेत जाऊन टेबल आपटलं. मॅनेजरने चष्मा पुसत सांगितलं की संसार वाटून घेतलेला स्वच्छ दिसतोय, आणि त्यांनी घटस्फोट घेतला तर कर्ज मी फेडणार आहे का. विसार परत मिळणार नव्हता. दोघांनी सह्या केल्या.

त्या वरच्या पावणेदोन टक्क्यांपायी दरमहा वहिनीचा चार दिवसांचा पगार जातो, वीस वर्षं जाणार. तो भरून काढायला लिफ्टमनने रविवारची ड्यूटी घेतली. वहिनीने हॉस्टेलच्या देखरेखीचं काम धरलं. अट एकच, मुक्काम तिथेच. नवं घर कुलपात.

वर्षभराने मी दर कमी करायचा अर्ज ठोकला. पाहणीचा वार कळला. त्याआधी वहिनीने एक दुपार सुट्टी काढली आणि नव्या घरात एकटीने बसून दोन्ही बादल्यांवरची नावं रॉकेलने घासून काढली. ठरल्या दिवशी दोघं पगार कापून घेऊन घरात बसले. पाहणीवाला आला नाही. तो दुसऱ्या दिवशी आला.

शेरा आला: घर बंद, जोडपं वेगळं राहतं, दर कायम.

पत्र मी हॉस्टेलच्या फाटकाशी वाचून दाखवलं. वहिनी गजांच्या पलीकडे, ओले हात पदराला पुसत. तिने पत्र मागितलं नाही, मलाही बोल लावला नाही.

"बाकावर भेटायचो," ती म्हणाली, "ते फुकट होतं."