गार्ड उपलब्ध नाही

"आज पण गार्ड आला नाही, मॅडम," जेलर म्हणाले आणि माझी चिठ्ठी टेबलावरून परत माझ्याकडे सरकवली. श्रीपत बुढा सकाळपासून टोपी घालून गेटच्या आत बसून होता. शिपायाने त्याला उठवलं आणि हाताला धरून परत कोठडीत नेलं.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका जेलची वैद्यकीय अधिकारी होते. कैद्याला दवाखान्यात न्यायचं तर जेलचा शिपाई चालत नाही, पोलीस मुख्यालयातून गार्ड यावा लागतो. गार्ड म्हणजे बंदूक घेतलेले दोन-तीन पोलीस. ते आले नाहीत की दवाखाना नाही.

श्रीपतने पोलीस अधिकाऱ्याचाच खून केला होता. धाड गावाकडचा सत्तरी ओलांडलेला शेतकरी. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावकीत भांडण पेटलं, ते सोडवायला ठाणेदार मध्ये पडले आणि याची कुऱ्हाड त्यांच्या डोक्यात बसली. कोर्टाने फाशीची शिक्षा दिली होती. हायकोर्टाचं शिक्कामोर्तब बाकी होतं आणि त्याला मोठ्या जेलमध्ये हलवायचं होतं. त्याने गुन्हा कधी नाकारला नाही. मीही त्याला निर्दोष म्हणत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक मला तेच विचारतात.

त्याला काचबिंदू होता. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते, आतला दाब वाढतो आणि मागची नस मरते. मेलेली नस परत येत नाही. मोतीबिंदूला उशीर चालतो, काचबिंदूला चालत नाही. जेलमध्ये शिबिराला आलेल्या नेत्रतज्ज्ञांनी मला बजावून सांगितलं होतं, लवकर पाठवा. लेसरने बारीक भोक पाडलं की वाट मोकळी होते. लेसर सरकारी दवाखान्यात होतं आणि दवाखाना आमच्या गेटपासून चालत जाण्याइतका जवळ.

मी दर आठवड्याला चिठ्ठी देत होते. उत्तर ठरलेलं, गार्ड उपलब्ध नाही. कधी मंत्र्याचा बंदोबस्त, कधी मिरवणूक, कधी परीक्षा. त्याच काळात छातीत दुखतंय म्हणणाऱ्या एका कैदी पुढाऱ्याला तासाभरात गार्ड मिळाला. त्याचा ईसीजी माझ्यापेक्षा चांगला होता. मी जेलरना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ज्याने पोलीस मारला त्याच्यासाठी पोलीस मागायचे म्हणजे... तुम्हीच समजून घ्या."

मी समजून घेतलं नाही. मी गोळ्या देत राहिले, डोळ्यात थेंब टाकत राहिले. तरी उजवा डोळा गेला. डोकं फुटेल असं दुखायचं, तो उलट्या करायचा, आणि मग एक दिवस दुखणं कमी झालं आणि दिसणंही संपलं. डाव्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली होती. म्हणजे तोही त्याच वाटेवर. मी त्याला धीर देऊ लागले तर तो म्हणाला, "बाई, फाशी द्या, मी नाही म्हनलं काय? पन तोवर संडासले तरी मले माह्या पायानं जाऊ द्या."

आणि मग हलवायचा हुकूम आला. सकाळी गेटवर दोन गाड्या उभ्या. आठ-दहा पोलीस, वर एक फौजदार. डोळ्यासाठी दोन माणसं निघत नव्हती, आता अख्खी फौज. माझं डोकंच फिरलं.

कैदी हलवायचा तर 'प्रवासास योग्य' असा दाखला डॉक्टर देतो. त्याशिवाय गाडी निघत नाही. जेलरनी पेन पुढे केलं. मी लिहिलं, नेत्रतज्ज्ञांकडून उपचार बाकी, तोपर्यंत प्रवासास अयोग्य.

जेलर पांढरे पडले. फौजदार आत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "मॅडम, ते आमचे साहेब होते. त्यायच्या पोरीचं लग्न आम्ही सगळ्यायनं मिळून लावलं. आन् ह्याच्या डोळ्यासाठी मी दवाखान्यात काऊन उभा राहू?"

मला त्यांचा राग आला नाही. पण मी मागे हटले नाही. "निकाल मी वाचलाय," मी म्हणाले. "त्यात फाशी लिहिली आहे. आंधळं करा असं कुठे लिहिलेलं नाही."

जेलरनी वर फोन लावला, तिकडून काय बोलणी खावी लागली कोण जाणे. शेवटी गाड्या दवाखान्याकडून वळवायचं ठरलं.

लेसरला चहा पिण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. फौजदार दारात पाठ करून उभे होते. औषधाने श्रीपतला अंधुक दिसत होतं. बाहेर येताना तो अडखळला तेव्हा तेच म्हणाले, "पायरी हाये बुढ्या, पाय उचल." नेत्रतज्ज्ञांनी डोळा तपासून हिरवा कंदील दिला, मी दाखल्यावर 'योग्य' लिहिलं आणि गाड्या गेल्या.

डावा डोळा वाचला. तिकडच्या डॉक्टरांना मी अधूनमधून विचारते. फाशीचा निकाल अजून हायकोर्टात आहे आणि श्रीपत आपल्या पायाने संडासला जातो.

मी एवढंच शिकले की दवाखान्याची चिठ्ठी कितीही द्या, ती पडून राहते. त्यांची गाडी ज्या कागदावाचून अडते, त्याच कागदावर लिहायचं.

पंधरवड्यात मला मेमो आला. कैद्याच्या रवानगीस अर्धा दिवस विलंब का झाला, याचा खुलासा करावा. मी केला. उजव्या डोळ्याचा खुलासा आजवर कोणी कोणाला मागितलेला नाही.