नोरीनच्या मुठींवरची टोपी

ऑस्ट्रेलियात, मूंटा गावातल्या ट्रेम्बाथांच्या घरात नोरीनच्या कपड्यांना एक कपाट होतं आणि मेलेल्या पुरुषांच्या कपड्यांना दोन खोल्या. नोरीन याची तक्रार करत नसे. आल्यागेल्याला फक्त दारं उघडून दाखवायची.

तिचा नवरा डेस. जन्मभर गव्हाच्या कोठारावर ट्रक तोलत बसला, अंगात कायम खाकी अर्धी चड्डी. निवृत्त झाला आणि या माणसाला जुन्या साहेबी कपड्यांचं वेड लागलं. शेपटीचे काळे कोट, रेशमी जाकिटं, कडक गळपट्ट्या. नवा लोकरी कोट आला की कसरीच्या भीतीने पिशवीत बांधून पंधरा दिवस फ्रीजरमध्ये. एकदा धाकटी नात आइस्क्रीम काढायला गेली आणि हातात कुणा बॅंकवाल्याचा कोट घेऊन आली. "आजी, यात माणूस पण आहे का?" म्हणाली.

डेसचा नेम एकच. जपायचं, घालायचं नाही. स्वतःही नाही.

पण उंच रेशमी टोपी त्याच्याकडे एकही नव्हती. होती एक, नोरीनच्या वडिलांची. डेस-नोरीनच्या लग्नात म्हाताऱ्याने ती घालून लेकीला चर्चमध्ये आणलं होतं. पुढे ती डेसकडे आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने ती गाडीत मागच्या काचेपाशी ठेवली, अर्धा तास. या टोप्यांच्या आत कापडाला लाख चढवलेली असते, आपल्या बांगड्यांची असते तसलीच. ऊन लागलं की मऊ पडते. टोपी बसली ती पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. घरी आणून, गार झाल्यावर, डेस ती सरळ करायला गेला आणि ती तडकली. नोरीन एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं डेसला अकरा वर्षं वाटत होतं. नोरीनला ते ठाऊक होतं, आणि तरी ती बोलली नव्हती. तेवढा राग प्रत्येक बाईच्या गाठीला असतो.

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, ओरोरू गावाहून डेसच्या जुन्या ओळखीतल्या शिर्मरबाईंचा फोन आला. वय ब्याण्णव. त्या वृद्धाश्रमात निघाल्या होत्या. "पोरा, माझ्या आजोबांची टोपी तुला ठेवलीये. आजच ने. उद्या पुतण्या कचऱ्याचा मोठा डबा मागवतोय, आणि त्याला टोपी आणि बादली यातला फरक कळत नाही."

पोरगा एकाहत्तर वर्षांचा. बाहेर चव्वेचाळीस डिग्री.

"उन्हाळ्यात टोपी हलवायची नसते," डेस फोन ठेवून म्हणाला.

"मग जाऊ दे डब्यात," नोरीन म्हणाली, आणि वाटेत खायला पेस्ट्या, त्यांच्याकडच्या मांस-बटाट्याच्या करंज्या, फडक्यात बांधायला लागली.

टोपी खरंच देखणी निघाली. चामडी पेटीत बसलेली, काळी, मांजरीच्या पाठीसारखी लकाकणारी. शिर्मरबाईंनी पेटीवरून एकदा हात फिरवला. "मला आता बघायला येता यायचं नाही. पण कुठे आहे ते माहीत असलं म्हणजे पुरे," म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर तासाभराने गाडीतला गार वारा गरम झाला. डेसने बटणं दाबली, मग थोपटली, मग शिव्या घातल्या.

"पुढचं गाव किती लांब?" नोरीनने विचारलं.

"पंचवीस किलोमीटर. तिथे पब आहे, खाली दगडी तळघर आहे. तिथवर नेली तर वाचेल."

काचा उघडल्या तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखा वारा आत आला. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाचे पिवळे खुंट. एक झाड नाही की सावली नाही. पेटी नोरीनच्या मांडीवर होती. चामडं हाताला चटका देत होतं.

"बाटलीतलं पाणी पेटीवर ओतू?"

"पाणी नको! पाण्याने रेशमाला डाग पडतात, कायमचे. उघडून बघ फक्त."

नोरीनने झाकण उचललं. डावा काठ खाली झुकला होता. डोक्यावरचा सपाट भाग मधे खोलगट झाला होता, आंघोळीच्या टबात पाणी साचावं तसा.

"डेस, बसायला लागलीये."

डेसने गाडी बाजूला घेतली. उतरला, तिच्या बाजूला आला आणि टोपीकडे बघत नुसता उभा राहिला. ट्रकभर गव्हाचं वजन नुसत्या अदमासाने सांगणाऱ्या त्या माणसाने हात चड्डीच्या खिशात घातले.

"काय करायचं ते कर ना!"

"आत्ता मऊ आहे. आत्ताच आकार देता येतो. टोपीवाले तसंच करायचे, शेकायचे आणि वळवायचे. गार झाल्यावर हात लावला की तडकते. तेव्हा मी..." तो थांबला.

"तेव्हा तू घरी आणून गार झाल्यावर हात लावलास," नोरीन म्हणाली. अकरा वर्षांनी. "ठाऊक आहे मला. माझ्या बापाची टोपी होती ती. आता ही शिर्मरबाईच्या आजोबांची आहे. हात लाव."

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

"अरे माणसा, तुझ्या भीतीपायी हिचं पण खोबरं करतोस की काय? आतून कोण धरायचं ते सांग."

तिने आपला सुती रुमाल दोन्ही मुठींवर गुंडाळला आणि मुठी टोपीत घातल्या. "वर दाब. हळू," डेस म्हणाला. "अजून हळू. अगं, पिठाचा गोळा नाहीये तो!"

"गोळाच आहे. तू काठ बघ."

ती आतून मुठी वर रेटत होती. खोलगटपणा हळूहळू भरत आला. डेसने अंगठ्यांवर गाडीतले धुतलेले मोजे चढवले, ते बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यासारखे दिसत होते, आणि काठ वळवायला घेतला. केसाएवढा. थांबला. परत केसाएवढा. त्याच्या नाकावरचा घाम टोपीवर पडेल म्हणून नोरीनने पुढे झुकून तो आपल्या खांद्याने टिपला. कुठेतरी बारीकसं कुरकुरलं. दोघांनी श्वास रोखला.

"तडकली?"

"नाही. माझा गुडघा."

काठ वर आला. पण लाख मऊ होती; हात काढले की परत बसणार.

"आता काढू नकोस," डेस म्हणाला. "तशीच धर. पबपर्यंत."

"पंचवीस किलोमीटर?"

"अठरा राहिलेत."

अठरा किलोमीटर नोरीन दोन्ही मुठी वर धरून बसली, कोपरं बरगड्यांना टेकवून. शेवटच्या पाच किलोमीटरला तिचे दंड लाकूड झाले. डेस खड्डा दिसला की म्हणायचा, "खड्डा." नोरीन म्हणायची, "दिसतोय."

पबचा मालक ब्रायन फेच, ढेरपोट्या आणि दारातच उभा. गाडीतून एक बाई दोन्ही मुठींवर टोपी घालून, आरती घेऊन आल्यासारखी चालत येताना बघून त्याच्या कानामागची सिगारेट खाली पडली.

"तळघर कुठाय?" नोरीनने विचारलं.

"खाली. बियर हवी का?"

"नंतर."

तळघरात पिंपांच्या मधे गारवा होता. डेसने टॉवेलाची गुंडाळी टोपीत सरकवली तसतशी नोरीनने एकेक मूठ बाहेर काढली. बोटं उघडेनात. डेसने ती आपल्या हातात घेऊन एकेक सोडवली, आणि तेवढ्या वेळात टोपीकडे एकदाही बघितलं नाही. हे नोरीनने बघितलं.

दीड तासाने त्याने काठाला नखाने टिचकी मारली. टक्क. घट्ट झाली होती. डावा काठ उजव्यापेक्षा भाताच्या दाण्याएवढा खाली राहिला होता, तेवढाच.

"ऊन उतरल्यावर निघू," डेस म्हणाला.

तेवढ्यात ब्रायन दोन ग्लास घेऊन खाली आला. "एवढं काय आहे या टोपीत? बघू जरा, मला कशी दिसते." आणि हात पुढे केला.

डेसने तोंड उघडायच्या आत नोरीनने ब्रायनच्या मनगटावर फटका मारला.

"खाली ठेव हात! आमच्यात घालत नाहीत. जपतात."